मुंजाचे येणे : भयकथा, गुन्हेकथा आणि वाचकाचे सुख

२०२४ या एकाच वर्षात मुंजा मराठी प्रेक्षकाला दोन वेषांत भेटला. जूनमध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट आला. त्यातला मुंजा संगणकाने घडवलेला, कोकणातला, लग्नाच्या हट्टाने पेटलेला आणि घाबरवता घाबरवता हसवणारा होता. ऑक्टोबरमध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली. ती ज्या खऱ्या खटल्यावर आधारलेली आहे, त्यातला मुंजा कोणी पाहिलेला नव्हता. तो एका पिंपळाखाली आणि काही माणसांच्या मनात होता, आणि फिर्यादी पक्षाचे म्हणणे खरे मानले तर त्याच्या तृप्तीसाठी मुलींचे रक्त सांडले गेले होते. एकाच घरातल्या एकाच पडद्यावर, चारपाच महिन्यांच्या अंतराने, बहुधा त्याच माणसांनी हे दोन्ही पाहिले. दोन्ही वेळा त्यांना जे वाटले त्याला आपण सैलपणे 'भीतीची मजा' म्हणतो. ती मजा खरोखर एकच आहे काय, आणि नसल्यास तिच्यातला भेद केवळ वाङ्मयप्रकाराचा आहे की नैतिक, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांविषयी. 'भयकथा' म्हणजे ज्यात अमानुष वा अतिमानुष सत्ता वावरते ती कल्पित कथा. मग ती नारायण धारपांच्या कादंबरीत असो, चित्रकथेत असो वा चित्रपटात. 'गुन्हेकथा' हा शब्द बाबूराव अर्नाळकरांच्या परंपरेतल्या रहस्यकथेसाठी योजलेला नाही. घडून गेलेल्या गुन्ह्याची, 'सत्य घटना' अशी द्वाही फिरवून सांगितलेली हकीकत येथे अभिप्रेत आहे. या दोन्ही प्रकारांकडे मराठी समीक्षेने 'रंजनपर' हा शिक्का मारून पाठ फिरवली आहे. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या वाचनालयांत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना मात्र ठाऊक आहे की, शिवण सुटेपर्यंत वाचली जाणारी पुस्तके कोणत्या कपाटात असतात. नांदेड-लातूरच्या बसस्थानकांवर रात्रीच्या गाडीची वाट पाहणारा वाचक काय चाळत बसतो, हेही समीक्षेने कधी गंभीरपणे विचारलेले नाही. रंजन होते एवढे सांगून प्रश्न सुटत नाही. प्रेताच्या वर्णनाने रंजन का व्हावे, हे सांगावे लागते.

नांदेडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणीच्या पुढे 'मानवत रोड' हे स्थानक लागते. त्या मानवतमध्ये १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा जणींचे खून झाले. त्यांत लहान मुली होत्या, संसारी स्त्रिया होत्या, एक तान्हे मूलही होते. स्थानिक तपास थिटा पडल्यावर मुंबईच्या गुन्हे शाखेतील रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे काम सोपवण्यात आले. उपरोक्त मालिका त्यांच्याच आठवणींच्या पुस्तकावर बेतलेली आहे. फिर्यादी पक्षाने मांडलेला हेतू दुहेरी होता : गुप्तधन सापडावे आणि मूल व्हावे. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता ती दोघे अखेर दोषमुक्त झाली. शिक्षा टिकली ती मुख्यतः प्रत्यक्ष हात चालवणाऱ्यांची. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात प्रकरणाचा निकाल लागला. लोकांच्या मनातल्या खटल्यात मात्र तसा कोणताही निकाल लागला नाही. तेथे सूत्रधार राक्षसच राहिले, आणि न्यायालयाने पुरावा अपुरा मानला या गोष्टीचा त्या प्रतिमेवर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही.

प्रेत पाहण्याच्या सुखाविषयी पाश्चात्त्य विचारात फार जुनी चर्चा आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधला लिओन्तिअस नगराच्या तटाबाहेर पडलेली, देहान्त शासन झालेल्यांची प्रेते पाहतो. त्याला किळस येते आणि पाहावेसेही वाटते. तो तोंड झाकून घेतो, अखेर हार मानतो आणि स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या देत धावत जाऊन पाहतो. ॲरिस्टॉटल 'पोएटिक्स'च्या चौथ्या प्रकरणात म्हणतो की, प्रत्यक्षात किळसवाण्या वस्तूंची, अगदी प्रेतांचीही, हुबेहूब चित्रे पाहताना आपल्याला आनंद होतो, कारण अनुकृतीतून आपण काही जाणून घेतो. नोएल कॅरल यांनी १९९० च्या 'द फिलॉसफी ऑफ हॉरर' या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. राक्षस आपल्या वर्गीकरणांत बसत नाही. जिवंत-मृत, माणूस-पशू या कप्प्यांच्या फटीत तो उभा असतो. म्हणून तो किळस आणतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयीचे कुतूहल आपल्याला शेवटच्या पानापर्यंत ओढून नेते. हे विवेचन चतुर आहे. परंतु लिओन्तिअसची पंचाईत त्याने सुटत नाही. त्याच्यापुढे चित्र नव्हते, खरी प्रेते होती. त्याचा संताप कुतूहलावर नव्हता. ज्या मृतांशी आपले काही देणेघेणे नाही त्यांच्याकडे आपण केवळ डोळ्यांची भूक म्हणून पाहत आहोत, याचा तो संताप होता. गुन्हेकथेचा वाचक ॲरिस्टॉटलच्या प्रेक्षकापेक्षा लिओन्तिअसच्या अधिक जवळचा आहे.

आपल्या रसचर्चेत हा भेद अधिक नेमकेपणाने मांडण्याची सोय आहे. भयानक आणि बीभत्स हे दोन्ही रस भरतानेच मानले. भय आणि जुगुप्सा हे त्यांचे स्थायिभाव. 'अभिनवभारती'त अभिनवगुप्त भयानकाच्या आस्वादाचे उदाहरण म्हणून 'शाकुंतला'तले, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत धावणारे हरिण घेतो. रसिकाला जाणवते ते या हरणाचे भय नव्हे, माझेही नव्हे, शत्रूचे वा मित्राचेही नव्हे. स्थळकाळाच्या पकडीतून सुटलेले नुसते भय त्याच्या प्रत्ययाला येते. याच विवेचनात त्याने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या वा परक्याच्या विशिष्ट स्थळकाळात अडकून पडणे, हे त्यांतले एक. गुन्हेकथा आपल्या मुखपृष्ठावर जे मिरवते – हे खरोखर घडले, या गावात, या तारखेला, या माणसाच्या हातून – ते या दृष्टीने शुद्ध विघ्न आहे. त्या विघ्नाचीच ती किंमत घेते. साधारणीकरणाचा मार्ग तिने स्वतःहून बंद केलेला असतो. मग तिच्या वाचकाला जे मिळते ते रसाच्या भाषेत बसत नाही. ते सुख आहे, पण आस्वाद नाही.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे उपयोगी पडावी. वाचक स्वतः स्वतः राहूनच दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी असण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळी आणि नंतरही या कल्पनेवर पुष्कळ टीका झाली. गुन्हेकथेला मात्र ती चपखल लागू पडते, आणि लागू पडताच अस्वस्थ करते. कारण प्रश्न असा उभा राहतो की, आपण कोणाच्या भूमिकेत शिरतो? मारल्या गेलेल्याच्या नव्हे. तो तिसऱ्या पानावर संपलेला असतो. आपण तपास अधिकाऱ्यात शिरतो किंवा खुन्यात. पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील एक दोषी मुनव्वर शहा याने तुरुंगात लिहिलेले 'येस, आय ॲम गिल्टी' हे पुस्तक या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. कलामहाविद्यालयात शिकणारे चार तरुण, दहा खून, २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी. हे पुस्तक वाचताना राक्षस दिसेनासा होतो आणि त्या जागी एक कॉलेजात जाणारा मुलगा येऊन बसतो. राक्षसाच्या शोधात आलेल्या वाचकाची त्यात फसगत होते, आणि ती फसगत हाच या पुस्तकाचा प्रामाणिकपणा आहे. तरीही समाधी लागते ती मारणाऱ्यातच. ज्यांचे गळे आवळले गेले त्यांच्या घरातली त्या रात्रीची पाच मिनिटे आपल्या वाट्याला येत नाहीत. ती सांगायला कोणी उरले नव्हते, हे खरे. पण ज्याला सांगता येत नाही त्याचे सांगणे, हेच तर वाङ्मयाचे जुने काम आहे.

आपल्या लोकपरंपरेने हे काम भुतांवर सोपवले होते. मराठी भुतांची यादी नीट पाहिली तर ती एखाद्या फिर्यादींच्या नोंदवहीसारखी वाटते. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच जो गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. इच्छा अपुरी ठेवून, भरल्या संसारातून गेली ती जखीण. धनावर जीव ठेवून निपुत्रिक मेला तो समंध, आणि तो त्या पुरलेल्या धनावरच बसून राहतो. प्रदेशागणिक नावे व तपशील बदलतात. व्याकरण बदलत नाही. भूत म्हणजे ज्याचे येणे राहिले आहे असा माणूस. मराठीत 'येणे' या शब्दाने परत येणेही सुचते आणि वसूल व्हायची बाकीही, हा भाषेचा योगायोग असेल. लोककथेने मात्र तो योगायोग मानलेला नाही. म्हणून तर भुताशी व्यवहार होतो : पारावर दिवा, दहीभात, नारळ, वर्षातून एकदा आठवण. भीती असते, पण तिच्यात आपण त्याचे काही लागतो ही कबुलीही मिसळलेली असते. या भुतांत उच्चनीचता आहे, जातिभेद आहे, स्त्रीविषयीचा संशय तर ओतप्रोत आहे; या नोंदवहीला निष्पाप म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु तिच्यात प्रत्येक राक्षसाला पूर्वायुष्य असते, आणि त्या पूर्वायुष्यात बहुधा तो कोणाचा तरी बळी असतो.

चित्रकथांमध्ये हे व्याकरण कसे टिकले वा मोडले, हे पाहणे मनोरंजक आहे. मराठी 'चांदोबा'तून पिढ्यांच्या ओळखीचा झालेला वेताळ झाडावरच्या प्रेतातून बोलतो आणि गोष्ट संपताच न्यायाचा प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून मौन पाळणाऱ्याच्या डोक्याची शकले होणार असतात. इतका काटेकोर नैतिक परीक्षक दुसऱ्या कोणत्या राक्षसाने क्वचितच दिला असेल. पुढे 'इंद्रजाल कॉमिक्स'ने परदेशी 'फँटम'ला मराठीत 'वेताळ' हेच नाव दिले आणि प्रश्न विचारणारे प्रेत कवटीच्या अंगठीने ठोसे लगावणारा जंगलातला कोतवाल झाले. (लहानपणी दोन्ही वेताळ एकाच सतरंजीवर वाचणाऱ्यांना यात काही विसंगत वाटत नसे, हेही नोंदवले पाहिजे.) अमेरिकेत १९५० नंतरच्या चारपाच वर्षांत 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारख्या भयचित्रकथांनी जो हलकल्लोळ माजवला, त्यांचा ठरीव साचा तर थेट आपल्या पारावरचा होता : पैशासाठी वा हेव्यापोटी मारलेला माणूस सडक्या देहानिशी उठतो आणि आपले येणे वसूल करतो. १९५४ मध्ये फ्रेड्रिक वर्थम यांनी या पुस्तकांनी मुले बिघडतात अशी तक्रार ग्रंथरूपाने मांडली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली तिने चालती प्रेते, रक्तपिपासू पिशाच्चे यांना बंदी केली. सभ्य समाजाला खुनापेक्षा खून झालेल्याचे परत येणे अधिक असह्य वाटले, असा त्या प्रसंगाचा एक अर्थ लावता येईल.

मराठी भयकथेविषयी सरसकट विधान करणे धोक्याचे आहे. धारपांच्या (१९२५-२००८) पुष्कळ कथांत दुष्ट शक्ती बाहेरून, कोण्या अन्य मितीतून येते आणि समर्थांसारखा ज्ञानी पुरुष तिला परतवतो. त्यांत घराण्याचे ऋण नसते, आक्रमण असते. 'लुचाई'सारखी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली कृती याच घाटाची आहे. अशा कथांचा वाचक निर्धास्त झोपतो. याउलट रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत भय घराच्या आतच, नात्यांच्या गाठींत दडलेले असते आणि समर्थ कोठूनही येत नाहीत. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) – ज्याचे बीज धारपांच्याच एका कथेत असल्याचे त्यांनी सांगितले आहे – राक्षस धनाच्या पेवात बसलेला आहे आणि पिढी दर पिढी त्याच्याकडे उतरणारी माणसेच हळूहळू त्याच्यासारखी होत जातात. गुप्तधन आणि गर्भ या दोन्ही प्रतिमा तेथे एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मानवतच्या खटल्यात फिर्यादी पक्षाने मांडलेला हेतू ज्याला ठाऊक आहे त्याला 'तुंबाड' पाहताना कल्पित कथा पाहत असल्याची खात्री फार काळ वाटत नाही.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो भक्कम आहे. मुंजाचे 'येणे' मानणारी हीच लोकश्रद्धा मानवतला मुलींच्या जिवावर उठली नाही काय? राक्षसाला फिर्यादी ठरवणारे हे गोड विवेचन त्या रक्ताकडे डोळेझाक करते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने असल्या प्रत्येक प्रकरणाची उघड, तारीखवार, सत्य हकीकत सांगण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेश आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला. त्या कायद्याच्या लांबलचक शीर्षकात 'नरबळी' हा शब्द अगदी आरंभी येतो. सत्यकथनाला येथे विघ्न म्हणून हिणवणे परवडणारे नाही.

हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येईल असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. एक भेद मात्र करावासा वाटतो. पारावरच्या कथेतला मुंजा मागतो ते स्वतःसाठी, कारण त्याचे काही राहून गेलेले आहे. फिर्यादी पक्षाने वर्णिलेल्या विधीतला मुंजा स्वतःसाठी काहीच मागत नाही. त्याला रक्त दिले की तो जिवंतांना धन आणि संतती मिळवून देणार, असा तो करार आहे. येणेकऱ्याचा येथे दलाल झाला आहे. अकाली गेलेल्या एका पोराच्या नावाने इतर पोरी मारायच्या, ही विकृती त्या कथेच्या पोटातून आपोआप निघत नाही. तिच्यासाठी आधी कथा पुसावी लागते आणि तिच्या जागी व्यवहार आणावा लागतो. चळवळीने सांगितलेल्या सत्य हकीकतीविषयीही हेच म्हणता येईल. ती व्यवहार उघडा पाडते, आणि तिचा वाचक सुखासाठी आलेला नसतो. बाजारातली गुन्हेकथा तीच कागदपत्रे घेऊन उलटे काम करते. ती व्यवहाराला गूढ करते, आरोपींना काळे वलय देते, आणि वाचकाला सांगते की हे तुझ्या जातीचे प्राणीच नव्हेत.

हे सांगणे वाचकाला का हवेसे वाटते, याचे उत्तर त्या वर्षांत आहे. १९७२ हे मराठवाड्याच्या स्मरणात खुनांचे वर्ष नाही, दुष्काळाचे आहे. गावेच्या गावे खडी फोडायला गेली होती. जनावरे कवडीमोलाने जात होती. घरात कर्ती माणसे नसत आणि पोरी एकट्यादुकट्या रानात, पांदीला, विहिरीकडे हिंडत. दुष्काळाला तोंड नसते. २० वर्षांनंतर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तिलाही तोंड नव्हते. सावकारी, नापिकी, मुलगा झाला नाही म्हणून सुनेकडे पाहणारी घरची नजर, ही सगळी मारणारी आहेत आणि यांतले काहीही मुखपृष्ठावर छापता येत नाही. अशा प्रदेशात एका बाईचा आणि एका पुरुषाचा चेहरा मिळाला की दुःखाला दिशा सापडते. त्या दोघांवरचा आरोप टिकला नाही हे ऐकायला कोणी तयार नव्हते, ते बहुधा यामुळे. ती दोघे राक्षस नसतील तर गुप्तधनाची हाव, वांझपणाची दहशत, पोरीच्या जिवाची स्वस्ताई ही सगळी गावभर वाटली जाणार, आणि तेवढा वाटा उचलण्याची कोणाची तयारी नव्हती. भयकथेचा राक्षस निदान दार ठोठावतो. गुन्हेकथेच्या राक्षसाला तुरुंगात वा फासावर ठेवून दार लावून घेता येते.

म्हणून 'मुंज्या' पाहून हसलेला प्रेक्षक आणि मानवतची हकीकत पाहून शहारलेला प्रेक्षक यांच्यात पहिला उथळ आणि दुसरा गंभीर, असा निवाडा घाईचा ठरेल. पहिल्याने निदान एका अतृप्त पोराचा हट्ट दोन तास ऐकून घेतला. दुसऱ्याला त्या दहा जणींपैकी कितींची आठवण राहिली, हे विचारून पाहावे. लोकपरंपरेच्या व्याकरणाने पाहिले तर मानवतच्या शिवारात येणे कोणाचे राहिले आहे याविषयी संदेह नाही. तरीही या प्रकरणाची प्रत्येक नवी मांडणी तपास कसा लागला आणि सूत्रधार कोण, या दोन खुंट्यांनाच टांगलेली असते.

कायद्याचा विद्यार्थी हे प्रकरण आजही शिकतो. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला पुष्टी किती लागते आणि शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकणे कितपत बंधनकारक आहे, या दोन मुद्द्यांसाठी १९७७ चा निकाल अभ्यासला जातो, आणि हे दोन्ही मुद्दे कोणत्याही सुसंस्कृत न्यायव्यवस्थेत मोलाचेच आहेत. पुस्तकांत तो 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने नोंदलेला आहे. फौजदारी खटल्यांची नावे अशीच पडतात. एका बाजूला आरोपी, दुसऱ्या बाजूला राज्य. त्या शीर्षकात दहा जणींपैकी एकीचेही नाव नाही.